सगळेच पाइप जांभळे

निवृत्त माणसाच्या हाती काय देऊ नये याची कोणी यादी केली, तर रंगाचा ब्रश तिच्यात पहिला यावा. टापटीपरावांना हे कोणी सांगितलं नाही असं नाही. सांगणारे गल्लीभर होते. ऐकायचं काम तेवढं टापटीपरावांकडे होतं, म्हणून ते राहून गेलं.

हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. एकतीस वर्षं ते सरकारी फॉर्म छापणाऱ्या छापखान्यात समास तपासायला होते. फॉर्मात काय विचारलंय, तो कोण भरणार, भरल्यावर कुठे हरवणार, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. डावीकडे जेवढा कोरा कागद सुटला तेवढाच उजवीकडे सुटला पाहिजे, एवढंच ते बघत. एकतीस वर्षं हेच बघितल्यावर माणसाच्या नजरेला खोड लागते. दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, फळीवरचे डबे, सगळं त्यांना ओळीत लागे. बायको मान जरा कलती करून उभी राहिली तरी ते अस्वस्थ होत.

तर गोष्ट पाण्याची आहे. आठ महिन्यांपूर्वी गल्लीत दुसरं पाणी आलं. लोकांनी वापरून सोडलेलं पाणी गावाबाहेरच्या प्रकल्पात न्यायचं, तिथे त्याला गाळून, धुऊन-पुसून माणसात आणायचं आणि उपनगरात परत पाठवायचं, अशी पाणीखात्याची योजना होती. हे पाणी प्यायचं नाही. संडासाची टाकी, बाग, गाडी धुणं आणि कोपऱ्यावरची लाँड्री यांच्यासाठी ते होतं. घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे पाइप जांभळे, नळ जांभळे, रस्त्यावरची झाकणंसुद्धा जांभळी. पिण्याच्या पाण्याचे पाइप पूर्वीसारखेच राखाडी. योजनेला एक लांबलचक नाव होतं, पण ते उद्घाटनाच्या पाहुण्यालाही एका दमात म्हणता आलं नाही. गल्ली सरळ म्हणायची, पहिलं पाणी आणि दुसरं पाणी.

समोरचे आबा मात्र म्हणायचे, "सेकंडहँड पाणी."

आबा साबणाच्या कारखान्यात वास घेण्याच्या नोकरीला होते. थट्टा नाही, अशी नोकरी असते. त्यांनी वडी नाकाशी धरून मान डोलावल्याशिवाय कारखान्यातून माल हलत नसे. अशा माणसाच्या दारात दुसरं पाणी आलं म्हटल्यावर ते गप्प कसे बसणार? पहिल्याच दिवशी त्यांनी बागेचा नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "वास येतोय. ओल्या पुठ्ठ्याचा."

टापटीपरावांनी आपल्या नळाखाली ओंजळ धरली. "कसलाही येत नाही."

"तुम्हाला नाही यायचा. तुम्ही समासवाले."

हे टापटीपरावांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ते दुसऱ्या पाण्याचे कैवारी झाले. रोज सकाळी दोघं आपापल्या दारात उभे राहून झाडांना पाणी घालत आणि रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर भांडत. "येतो." "नाही येत." "अहो, येतो म्हणजे येतोच." "आबा, हे विज्ञान आहे, विज्ञान!" गल्लीत दोन तट पडले. शेजारच्या शिंपीणकाकूंचे केस गळायला लागले, त्याचं खापर त्यांनी दुसऱ्या पाण्यावर फोडलं. त्या पाण्याने त्यांनी कधी डोकं धुतलेलं नव्हतं हा मुद्दा टापटीपरावांनी काढला, तेव्हा काकू म्हणाल्या की नुसत्या शेजारून वाहण्यानेही परिणाम होतो. लाँड्रीवाला, समोर जे गिऱ्हाईक उभं असेल त्याच्या बाजूचा.

टापटीपरावांच्या घरात मात्र यापेक्षा मोठं काही चाललं होतं. त्यांच्या बायकोला सारी गल्ली वहिनी म्हणायची. वहिनींनी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळली होती. आता त्यांना स्वतःचं पाळणाघर काढायचं होतं. पुढची खोली रिकामी झाली, छोट्या छोट्या दहा गाद्या शिंपीणकाकूंनी शिवून दिल्या, दहा मुलांची नावं नोंदली गेली. सोमवार ठरला. परवानगीसाठी पाच कागद लागत होते, त्यातले तीन वहिनींनी एकटीने हेलपाटे घालून आणले होते, चौथ्यासाठी घालत होत्या. पाचवा होता पाणीखात्याचा दाखला. या घरात पिण्याच्या पाण्याची सोय आहे, एवढं एक वाक्य, खाली सही. त्यासाठी आदल्या गुरुवारी निरीक्षक यायचे होते.

"अहो, हे माझं पहिलं स्वतःचं काम आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही फक्त मध्ये येऊ नका. एवढी मदत करा."

आता नवऱ्याला असं म्हटल्यावर तो काय करणार? मध्ये येणार. टापटीपरावांनी ठरवलं की निरीक्षक येण्याआधी घर असं दिसलं पाहिजे की त्याचा सहीचा हात आपोआप चालावा. त्यांनी घराभोवती फेरी मारली आणि मागच्या भिंतीपाशी थबकले. भिंतीवरून दोन पाइप शेजारीशेजारी चढत होते. एक राखाडी, एक जांभळा. खिडकीपाशी एक वळला, दुसरा सरळ गेला. आठ महिने ते हे सहन करत आले होते. आणि प्लंबर जाताना उरलेला जांभळा रंग डब्यासकट ठेवून गेला होता. "कुठे खरचटलं तर लावा," असं तो म्हणाला होता. टापटीपरावांच्या दृष्टीने सगळी भिंतच खरचटलेली होती.

दुपारपर्यंत दोन्ही पाइप जांभळे झाले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत जाणारा तुकडा तेवढा राखाडी कसा ठेवायचा? तो झाला. मग आतला पाइप. मग नळ. शेवटी नळाची चावी. टापटीपराव चार पावलं मागे सरले आणि त्यांना छापखान्यातून निघाल्यानंतर पहिल्यांदा शांत वाटलं.

वहिनी त्या दिवशी चौथ्या कागदासाठी गेल्या होत्या. परत आल्या, नळ पाहिला, आणि दमल्यामुळे एवढंच म्हणाल्या, "हे काय?"

"एकसारखं दिसतं," टापटीपराव म्हणाले.

खरी चूक त्या दिवशीच झाली होती, पण चूक एकटी राहिली तर तिला चूक म्हणतात, तिच्यामागे गल्ली लागली की तिला पद्धत म्हणतात. शिंपीणकाकूंनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती छान! आमचेही करून द्या की." रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, इथे तर भिंती लोक आपण होऊन पुढे करत होते. डबा संपला. टापटीपराव रंगाच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने त्यांच्यासमोर सतरा जांभळे मांडले आणि प्रत्येकाला वेगळं नाव सांगितलं. नेमका पाणीखात्याचा जांभळा मिळेपर्यंत चार खेपा झाल्या. दहा दिवसांत गल्लीतल्या अकरा घरांपैकी दहा घरांचे सगळे पाइप एका रंगाचे झाले. उरले आबा. "रंगाने वास झाकत नसतो," म्हणून ते अडून बसले. पण मग आपलं घर रांगेत पडलेल्या दातासारखं दिसतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि अकराव्या दिवशी ते म्हणाले, "बरं, आमचेही करा. पण माझा निषेध आहे." टापटीपरावांनी निषेधासकट दोन हात दिले.

गुरुवारी निरीक्षक आले. बारीक मिशी, काखेत फायलींची पिशवी आणि चेहऱ्यावर जगात आपल्याला फसवण्यासाठीच नळ बसवले जातात असा भाव. ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि नळासमोर उभे राहिले.

"या नळाला दुसरं पाणी आहे," ते म्हणाले.

"नाही हो साहेब," टापटीपराव हसत म्हणाले. "पिण्याचं आहे. रंग मी दिलाय."

"जांभळा."

"हो."

"जांभळा म्हणजे पिण्यास अयोग्य."

"अहो पण तो आधी राखाडी होता."

"आधी काय होता ते फॉर्मात विचारलेलं नाही. कोणी रंगवला तेही विचारलेलं नाही. पाइपचा रंग कोणता, एवढाच रकाना आहे." त्यांनी रकाना भरला. टापटीपरावांनी वाकून पाहिलं. फॉर्मचा उजवा समास डाव्यापेक्षा चांगला बोटभर जास्त होता, आणि त्या गंभीर प्रसंगीही त्यांच्या काळजात कळ आली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी आत्ता रंग खरवडतो. अर्ध्या तासाचं काम."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "जांभळ्या पाइपचा रंग काढणं हा गुन्हा आहे. दुसरं पाणी पहिलं म्हणून भासवण्याचा प्रयत्न. तुम्ही वयस्कर आहात म्हणून मी हे ऐकलं नाही असं समजतो."

म्हणजे रंग देणं हा मूर्खपणा होता, पण कायदेशीर होता. तो काढणं शहाणपणाचं होतं, पण बेकायदा होतं. अशा जागी माणूस जन्मात एकदाच अडकतो आणि टापटीपराव तिथे स्वतःच्या ब्रशाने पोचले होते. निरीक्षकांनी पिशवीतून एक गोल चिकटपट्टी काढली, तिच्यावर पाण्याच्या पेल्यावर लाल काट मारलेली होती, आणि ती स्वयंपाकघरातल्या नळावर चिकटवली. तीही तिरकी. दाखल्यावर लिहिलं, 'पिण्याच्या पाण्याची सोय: नाही.' मग बाहेर पडून त्यांनी गल्लीवर नजर टाकली, अकरा घरं मोजली आणि पुटपुटले, "या गल्लीत कोणाकडेच पिण्याचं पाणी नाही? आठ महिने लोक जगले कसे?"

संध्याकाळपर्यंत अकराही नळांवर चिकटपट्ट्या लागल्या. गल्ली टापटीपरावांच्या दारात जमली. काल ज्यांनी "किती छान" म्हटलं होतं तेच आज "आम्ही तेव्हाच म्हणत होतो" म्हणू लागले. काकूंनी सुचवलं की रात्रीतून सगळ्यांनी पिवळा रंग द्यावा, पिवळ्याचा नियम कुठे आहे? लाँड्रीवाला म्हणाला, नळच काढून टाका, म्हणजे रंगाचा प्रश्नच नाही. आबा काही सुचवत नव्हते. ते फक्त दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "निषेध नोंदवला होता मी."

वहिनी या गर्दीत आल्याच नाहीत. त्या पुढच्या खोलीत दहा गाद्यांकडे बघत बसल्या होत्या. टापटीपराव आत गेले.

"काहीतरी मार्ग निघेल," ते म्हणाले.

वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "दहा आयांना मी सोमवार सांगितलाय. त्यातल्या तिघींनी नोकरी धरलीय." आणि उठून त्यांनी गाद्यांवर चादर घातली. चादर एका बाजूला लोंबत होती. टापटीपरावांनी ती सरळ केली नाही. यावरून त्यांची अवस्था समजावी.

शुक्रवारी ते पाणीखात्याच्या कचेरीत गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने चौथीकडे, चौथी जेवायला गेली होती. पाचव्या खिडकीने सांगितलं की पाइप जांभळा असून पाणी पहिलं आहे हे सिद्ध करायला 'चावी-बंद चाचणी' करावी लागते. रस्त्यावरची दुसऱ्या पाण्याची चावी बंद करायची आणि घरातला कुठला नळ आटतो ते पाहायचं. जो आटला तो दुसरा, जो चालू राहिला तो पहिला.

"मग करा की," टापटीपराव म्हणाले.

"तीन महिन्यांनी नंबर आहे."

ते घरी येऊन खुर्चीत बसले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, पायात चपला घातल्या आणि एकट्याच निघाल्या. दीड तासात परत आल्या. चाचणी उद्या सकाळी, शनिवारी.

"कसं जमलं?" टापटीपरावांनी विचारलं.

"सहाव्या खिडकीत एक बाई आहे. तिचं दोन वर्षांचं पोर टेबलाखाली बसून सरकारी फॉर्मांवर रेघोट्या ओढत होतं. मी विचारलं, बाई, सोमवारपासून याला कुठे ठेवणार?"

टापटीपराव सहाव्या खिडकीपर्यंत पोचलेच नव्हते.

शनिवारी निरीक्षक आले, आणि त्यांच्याबरोबर खांद्यावर उंच लोखंडी चावी घेतलेला चावीवाला. हा चावीवाला म्हणजे रस्त्यातली झाकणं उघडून पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. निरीक्षकांनी गल्लीला बजावलं की शितावरून भाताची परीक्षा, चाचणी फक्त एकाच घरात होईल, आणि ती संपेपर्यंत बाकी कोणीही एक थेंबही सोडायचा नाही. गल्लीने दारं लावून घेतली. आबा तेवढे खिडकीत बसून राहिले.

चावीवाल्याने कोपऱ्यावरचं जांभळं झाकण उघडलं, चावी आत घातली, अंगाचं वजन टाकून फिरवली. "बंद!"

आत वहिनींनी श्वास रोखून स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी धो धो आलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. टापटीपराव लहान मुलासारखे संडासाकडे धावले, टाकी रिकामी केली आणि ती आता भरत नाही हे बघायला उभे राहिले. टाकी भरली. बागेचा नळ सोडला. चालू. धुण्याच्या जागेचा सोडला. चालू.

"चावी नीट बसली नाही," निरीक्षक म्हणाले.

"माझी चावी?" चावीवाला दुखावला गेला. "साहेब, अठरा वर्षं झाली."

मग उलटी चाचणी झाली. चावीवाल्याने राखाडी झाकण उघडून पहिलं पाणी बंद केलं. स्वयंपाकघरातला नळ आटला. संडासाची टाकी आटली. बाग आटली. घरातला एकूण एक नळ आटला. निरीक्षकांचा चेहरा राखाडी झाला.

स्वयंपाकघरात चौघेच होते. चावीवाला मान खाजवत म्हणाला, "साहेब, एक सांगू का? प्रकल्पाकडून येणारा मोठा पाइप पुलाजवळ येऊन थांबलाय. पुढची जोडणी झालीच नाही. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आले, नळाला पाणी तर दाखवायला हवं, म्हणून आपल्याच माणसांनी जांभळा पाइप पिण्याच्या पाइपला जोडून दिला. तात्पुरता. कोपऱ्यावरच्या चावीच्या अलीकडे, गल्लीच्या अंगाला. मग काढा म्हणून कोणी सांगितलंच नाही."

"आणि प्रकल्पातलं पाणी?"

"ते नाल्यात जातं. पण स्वच्छ असतं हो एकदम."

निरीक्षक स्टुलावर बसले. आठ महिन्यांत त्यांनी खात्याला आठ अहवाल पाठवले होते. या गल्लीने किती पाणी वाचवलं, हे प्रत्येक अहवालात वाढत्या आकड्यांनी नोंदवलेलं होतं. "हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल," ते म्हणाले. मिशी आता अगदीच केविलवाणी दिसत होती.

पण टापटीपरावांच्या डोक्यात नोकरी नव्हती, दाखला नव्हता, काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात आबा होते. आठ महिने! ओला पुठ्ठा! पिण्याच्या पाण्याला! त्यांनी तोंड उघडलं. "म्हणजे आबा..."

"अहो," वहिनी म्हणाल्या.

संसारात या एका शब्दाचे निदान चाळीस अर्थ असतात. हा त्यातला शेवटचा होता. टापटीपरावांनी तोंड मिटलं.

वहिनी निरीक्षकांकडे वळल्या. "साहेब, तुमच्या चाचणीत स्वयंपाकघरात पहिलं पाणी निघालं ना? मग मला दाखला द्या. चिकटपट्ट्या काढा, सगळ्या अकरा. आणि ती पुलापाशी राहिलेली जोडणी महिन्याभरात करून टाका. जांभळ्या पाइपात जे यायला हवं ते येऊ दे. बाकी मला काही ऐकू आलेलं नाही."

"आणि यांना?" निरीक्षकांनी टापटीपरावांकडे बोट केलं.

"यांनाही," वहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून हळूच पुढे म्हणाल्या, "आणि तुम्ही तरी काय, आठ महिने पिण्याच्या पाण्यात विज्ञान शोधत होतात."

निरीक्षकांनी तिथल्या तिथे सही केली. वहिनींनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले. टापटीपरावांनी तेव्हा मनाशी शपथ घेतली की जीभ तुटली तरी चालेल, पण हा कागद जाऊ द्यायचा नाही. शपथ घेणं सोपं होतं. आबा समोरच राहत होते हीच अडचण होती.

रविवार टापटीपरावांनी घरात कोंडून काढला. ताप आहे असं सांगितलं. सोमवारी सकाळी आया येऊ लागल्या. कोणाच्या कडेवर, कोणाच्या बोटाला धरून मुलं आली, सहाव्या खिडकीची बाई आपलं पोर घेऊन आली. दहाची अकरा झाली. वहिनी दारात उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. टापटीपरावांनी त्यांना इतकं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात रस्ता ओलांडून आबा आले. हातात कागद होता, कागदावर गल्लीच्या सह्या होत्या.

"चाचणी काय झाली ते कोणी सांगत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून मी अर्ज केलाय. दुसऱ्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा म्हणून. एकदा पृथक्करण झालं की कळेल वास येतो की नाही!"

आया थांबल्या. वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. प्रयोगशाळेत नमुना गेला की तो पिण्याचं पाणी म्हणून परत येणार, मग चौकशी, मग निरीक्षक, मग त्यांनी सही केलेला प्रत्येक कागद. टापटीपरावांना हे सगळं एका क्षणात दिसलं.

"आबा, अर्जाचं राहू द्या," ते म्हणाले.

"का राहू द्या? वास येत नाही म्हणता ना? मग भिता कशाला? नाहीतर सर्वांसमोर कबूल करा की येतो. आत्ता फाडतो हा कागद."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जगात टापटीपरावांची बाजू कधी नव्हे ती शंभर टक्के बरोबर होती. त्याला दोन साक्षीदार होते, सरकारी चाचणी होती. त्यांनी आबांकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, मग दारातल्या बायकोकडे. तिच्या कडेवर एक अनोळखी पोर होतं आणि त्याने तिच्या कानातलं मुठीत धरलं होतं.

"येतो," टापटीपराव म्हणाले.

"काय? मोठ्याने!"

"येतो वास! दुसऱ्या पाण्याला वास येतो!"

गल्लीत हशा पिकला. शिंपीणकाकू म्हणाल्या, "आता तरी पटलं." लाँड्रीवाला म्हणाला, मी तर पहिल्यापासून आबांच्याच बाजूचा. आबांनी कागदाचे चार तुकडे केले, पण जिंकलेल्या माणसाने जसं नाचायला हवं तसे ते काही नाचले नाहीत. टापटीपरावांकडे नवलाने बघत ते परत गेले.

दुपारी अकराही मुलं गाद्यांवर झोपली. वहिनी पडद्याआड सर्वांत लहान बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टापटीपराव ओट्यावर बसून आपल्या अब्रूचा विचार करत होते. फाटक वाजलं. आबा आत आले, शेजारी बसले आणि चपलेने माती उकरू लागले.

"एक विचारू?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "खरंच येतो का हो वास?"

टापटीपरावांनी चमकून पाहिलं.

"माझं नाक गेलंय," आबा म्हणाले. "सहा वर्षं झाली. सर्दी झाली एकदा, त्यानंतर काहीच कळत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. गल्लीला सांगायची लाज वाटली. अख्खी हयात नाकावर गेली माझी. दुसरं पाणी आलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून ठोकून दिलं, ओल्या पुठ्ठ्याचा. आठ महिने तुम्ही नाही म्हणत होतात आणि मला आतून कळत होतं की तुमचंच खरं. आज सकाळी तुम्ही येतो म्हणालात. माझी कीव आली म्हणून म्हणालात का? खरं सांगा. नसेल येत तर मी आत्ता उठून साऱ्या गल्लीसमोर तुमची माफी मागतो."

आठ महिने ज्या क्षणासाठी टापटीपराव पाण्याच्या झारीसकट रस्त्याच्या काठावर उभे राहिले होते, तो क्षण स्वतःच्या पायांनी चालत येऊन शेजारी बसला होता. फक्त 'नाही येत' म्हणायचं. दोन शब्द. पण आबांनी गल्लीसमोर माफी मागितली की गल्ली विचारणार, मग सकाळी येतो का म्हणालात? आणि त्याचं उत्तर फक्त पुलापाशी होतं. शिवाय आबा मान खाली घालून अजून मातीच उकरत होते, तेही त्यांना दिसलं.

"येतो," ते म्हणाले.

"कसला?"

टापटीपरावांनी डोळे मिटले. "ओल्या पुठ्ठ्याचा."

"पुठ्ठ्याचाच?"

"अगदी पुठ्ठ्याचाच. खोक्याच्या. रात्रभर बाहेर राहिलेल्या."

आबांचा चेहरा उजळला. सहा वर्षांनी कोणीतरी त्यांचं नाक परत आणून दिल्यासारखे ते ताठ झाले. "म्हणजे इतकी वर्षं काम केलेलं नाक, कुठेतरी आत शाबूत असणारच," ते उठत म्हणाले. "पण तुम्हीही जरा उशिराच मान्य केलंत हं. फार हट्टी आहात." आणि टापटीपरावांच्या खांद्यावर थोपटून, मान वर करून, ते रस्ता ओलांडून गेले.

टापटीपराव उघड्या तोंडाने त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. ओरडायची सोय नव्हती, आत अकरा मुलं झोपली होती. एवढ्यात पडद्यामागून दबलेला आवाज आला. वहिनी हसत होत्या. तोंडात पदर कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्या हलण्याने मांडीवरचं बाळ जागं झालं. त्याने एकदा टापटीपरावांकडे पाहिलं, पूर्ण तोंड उघडलं, आणि टापटीपरावांना सकाळपासून जे काही म्हणायचं होतं ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून टाकलं.